डिजॉक्सिन आणि तीस पाठी: प्रकल्प नोंदी

४ जून

विषय ठरला. डिजॉक्सिन दिल्यावर उंदरांच्या पाठीवरचा सोरायसिससारखा दाह कमी होतो का, ते पाहायचं. दुपारपर्यंत तिघांनी एकच प्रश्न विचारला: हृदयाच्या औषधाचा कातडीशी काय संबंध?

संबंध आहे, पण जरा वळणावळणाचा. डिजॉक्सिन पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. आत सोडियम साठतं, त्यामागोमाग कॅल्शियम वाढतं आणि हृदयाचा स्नायू जास्त जोरात आकुंचन पावतो. हे औषध डिजिटॅलिस या वनस्पतीतून येतं. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये डिजिटॅलिसच्या पानांचे अनुभव छापले, तेव्हापासून ही वनस्पती औषधात आहे. २०११ मध्ये मात्र या औषधाचं दुसरंच अंग समोर आलं. उंदरांच्या पेशींत ते आरओआर-गॅमा-टी या प्रथिनालाही जखडतं. टीएच-१७ या प्रतिकारपेशी घडायला हे प्रथिन लागतंच, आणि त्या पेशींचं मुख्य हत्यार आयएल-१७, दाहाचा निरोप पोचवणारं प्रथिन. सोरायसिसमध्ये आयएल-२३ हे तसलंच दुसरं प्रथिन आणि आयएल-१७ हीच जोडगोळी आग धगधगती ठेवते. आयएल-१७ए अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून रुग्णांसाठी वापरात आहेत. म्हणजे दुवे जुळतात, निदान कागदावर.

मार्गदर्शक मॅडमनी एवढंच बजावलं की अहवालात ‘हृदयाचं औषध’ असं मोघम लिहायचं नाही. बीटा ब्लॉकरही हृदयाचीच औषधं, आणि त्यांनी सोरायसिस चिघळल्याची उदाहरणं आहेत. औषधाचं नाव लिहायचं.

९ जून

आज फक्त मात्रेचा हिशेब. दिवस गेला, पण वाया गेला नाही.

पोटात इंजेक्शन, किलोला २ मिलिग्रॅम, रोज. वीस ग्रॅमच्या उंदराला ४० मायक्रोग्रॅम. हीच मात्रा ६० किलोच्या माणसाला सरळ लावली तर १२० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ मिलिग्रॅमच्या ४८० गोळ्या. शरीराच्या पृष्ठभागाचं गणित वापरून १२.३ ने भागलं तरी पावणेदहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३९ गोळ्या. धडधाकट प्रौढाने एका वेळी १० मिलिग्रॅम घेतलं तर ती जिवावरची गोष्ट समजतात. आणि उंदीर? पिंजऱ्यात फिरत राहतो.

कारण त्याच्या पंपात आहे. पंपाच्या अल्फा-१ या घटकात उंदराची दोन अमिनो आम्लं माणसापेक्षा वेगळी आहेत, तीही नेमकी औषध जिथे बसतं तिथली. तेवढ्या फरकाने औषधाची पकड कित्येक पटींनी सैल होते. माणसाची पेशी ज्या प्रमाणात मरते, त्यात उंदराची पेशी ढिम्म.

दुसरा हिशेब त्याहून बोचरा. आरओआर-गॅमा-टीचं काम निम्म्यावर आणायला साधारण २ मायक्रोमोलर डिजॉक्सिन लागतं. रेणुभार ७८१ धरला तर ते मिलिलिटरला सुमारे १,५६० नॅनोग्रॅम होतात. हृदय निकामी होत आलेल्या रुग्णाच्या रक्तात हे प्रमाण ०.५ ते ०.९ च्या दरम्यान ठेवतात आणि २ ओलांडलं की विषबाधेची धास्ती. हजार पटींहून मोठी दरी आहे ही.

मग करायचं कशाला? वहीच्या पहिल्या पानावर मुद्दाम लिहून ठेवलं: आपला प्रश्न ‘डिजॉक्सिनने सोरायसिस बरा होतो का’ हा नाही. प्रश्न असा की आरओआर-गॅमा-टीवर घाव घातला तर या कातडीवर काही दिसतं का. दिसलं, तर पंपाला कमी त्रास देणाऱ्या डिजॉक्सिनच्या भावंडांकडे वळता येईल.

१६ जून

नैतिकता समितीसमोर सादरीकरण. मी चार गट नेले होते: नुसतं मूळ क्रीम, इमिक्विमॉड (पाठीवर दाह उठवणारं औषध), इमिक्विमॉड अधिक डिजॉक्सिन, इमिक्विमॉड अधिक क्लोबेटासॉल हे स्टेरॉइडचं मलम. एका सदस्याने विचारलं, “आणि नुसतं डिजॉक्सिन दिलेले उंदीर कुठे आहेत?” नव्हतेच. दाह नसलेल्या उंदरावर हे औषध काय करतं हे माहीत नसताना दाह असलेल्यावर काय केलं ते कसं सांगणार? तिथल्या तिथे पाचवा गट जोडला. पाच गट, प्रत्येकी सहा, एकूण तीस. शिवाय तालमीसाठी चार.

मूळ वजनाच्या २० टक्के वजन घटलं की त्या उंदराला प्रयोगातून काढून वेदनारहित मरण द्यायचं, ही अट आमचीच होती. ती ठळक करून घेतली.

२३ जून

उंदीर आले. बाल्ब-सी, माद्या, सात आठवड्यांच्या. माद्या का, तर नर भांडतात, आणि पाठीवरचा चावा नंतर दाहासारखाच दिसतो. पांढरी जात का, तर लाली नीट दिसते. या वयात पाठीचे केस विश्रांतीच्या टप्प्यात असतात हेही सोयीचं, कारण केस वाढीला लागले की कातडी आपोआप जाड होते आणि आपण ती जाडी आजाराच्या खात्यावर टाकतो.

आठवडाभर हात लावायचा नाही.

३० जून

तालमीच्या चौघींच्या पाठी भादरल्या. ट्रिमर, मग केस काढण्याचं क्रीम, ते ओल्या कापसाने पुसून कोरडं. एकीच्या पाठीवर क्रीम अर्धा मिनिट जास्त राहिलं, तर संध्याकाळी पाठ लालबुंद. औषध नाही, आजार नाही, तरी चारपैकी दोन गुणांची लाली. भादरल्यावर किमान ४८ तास थांबायचं हा नियम दारावर लावला.

२ जुलै

तालमीचा पहिला दिवस आणि पहिलाच घोळ.

डिजॉक्सिनचं डीएमएसओ या विद्रावकातलं दाट द्रावण सलाइनमध्ये पातळ केलं. नळीत स्वच्छ दिसलं. सिरिंजमध्ये ओढून दोघींना दिलं. तिसरीसाठी सिरिंज उजेडासमोर धरली तर आत बारीक पांढऱ्या तंतूंचा भुगा, काचेच्या गोळ्यात हलवलेल्या बर्फासारखा हळूहळू खाली बसत चाललेला. सुईच्या बुडाशी पांढरी कड. औषध पाण्यात विरघळलेलंच नव्हतं. डीएमएसओ पातळ झाल्याबरोबर ते बाहेर पडलं.

म्हणजे पहिल्या दोघींना किती मात्रा गेली, देव जाणे. एकीला बहुधा नुसतं सलाइन, दुसरीच्या पोटात स्फटिक. तालीम थांबवली.

हे आधी कागदावर सापडायला हवं होतं. डिजॉक्सिन पाण्यात लिटरला जेमतेम ६५ मिलिग्रॅम विरघळतं आणि मला हवं होतं मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे तिप्पट. एक भागाकार केला असता तर दोन जीव वाचले असते.

३ जुलै

माणसांसाठीच्या इंजेक्शनमध्ये ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल असतं. तेच वापरायचा मोह झाला. पण २०० मायक्रोलिटरमध्ये २० मायक्रोलिटर अल्कोहोल, म्हणजे वीस ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ०.८ ग्रॅम. सुस्तावलेला उंदीर पाठ कमी खाजवतो आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं. नको. सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये, म्हणजे औषध पाण्यात विरघळायला मदत करणाऱ्या संयुगाच्या द्रावणात, विरघळवलं. रात्रभर टेबलावर ठेवलं, सकाळी उजेडासमोर धरलं, स्वच्छ. उरलेल्या दोघींना देऊन पाहिलं, ठीक. बाकी सर्व गटांनाही औषधाविना हेच द्रावण मिळणार.

१३ जुलै, दिवस ०

खरी फेरी सुरू. इमिक्विमॉडचं ५ टक्के क्रीम, प्रत्येक पाठीवर ६२.५ मिलिग्रॅम. पुडी २५० मिलिग्रॅमची, म्हणजे पाव पुडी. अठरा पाठींना रोज साडेचार पुड्या. पुडीच्या कोपऱ्यात अडकून राहतं ते धरून पाच.

हे क्रीम खरं तर चामखिळींवर आणि त्वचेच्या काही वरवरच्या कर्करोगांवर वापरतात. ते लावलेल्या काही रुग्णांचा सोरायसिस उफाळला, त्यावरून हे उंदरांचं मॉडेल सुचलं. २००९ मध्ये ते तपशिलात मांडलं गेलं, आणि आयएल-२३ किंवा आयएल-१७चा ग्राहक नसलेल्या उंदरांत दाह जवळपास उठतच नाही हेही तिथेच दिसलं.

इमिक्विमॉड न मिळणाऱ्या दोन गटांना व्हॅसलीन लावत नाही, इमिक्विमॉड नसलेलं तेच मूळ क्रीम लावतो. त्यातलं आयसोस्टिअरिक आम्ल स्वतःच कातडीला चिडवतं. व्हॅसलीन लावलं असतं तर क्रीमचा सगळा दोष इमिक्विमॉडच्या माथी गेला असता.

सिरिंज माझी सहकारी भरते आणि त्यावर फक्त अक्षर लिहिते. कोणतं अक्षर कशाचं हे बंद पाकिटात, पाकीट मॅडमच्या खणात.

१५ जुलै, दिवस २

कालपर्यंत गुलाबी होत्या, आज लाल. दुसरं काही नाही.

१६ जुलै, दिवस ३

गुण देण्यावरून वाद. लाली, खवले, जाडी, प्रत्येकी ० ते ४, बेरीज जास्तीत जास्त १२. माणसांचा सोरायसिस मोजायच्या पासी गुणांकनावरूनच हे घेतलंय, त्यातला ‘किती भाग व्यापला’ हा हिस्सा वगळून, कारण व्याप आपणच क्रीमने ठरवतो.

१४ क्रमांकाच्या उंदराला मी लालीचे ३ दिले, सहकारीने २. तोच उंदीर, तोच क्षण. जागांची अदलाबदल केली तर आकडेही बदलले. माझ्या डोक्यावरचा दिवा पिवळसर, तिच्या बाजूचा पांढरा. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक पाठ अर्धा गुण जास्त आजारी. आजपासून एकच दिवा, एकच जागा आणि प्रत्येक फोटोत रंगपट्टी. कालपर्यंतचे लालीचे गुण फोटोंवरून पुन्हा द्यायचे. दोन तास गेले.

जाडी मात्र मायक्रोमीटरने मोजतो. तिथे भांडायला जागा नाही, चिमटा किती दाबायचा एवढाच प्रश्न.

१७ जुलै, दिवस ४

खवले आले. चंदेरी, पातळ, पाठीच्या मध्यावर आधी. फुंकर मारली की कडा हलतात. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक खवल्याखाली कातडी ओलसर, चकचकीत.

एकमेकींच्या पाठी चाटतात. म्हणजे क्रीम पोटातही जातं, आणि त्याने आजारी पडतात ते वेगळं. वेगळं ठेवावं तर एकटेपणाचा ताण, एकत्र ठेवावं तर चाटणं. एकत्रच ठेवल्या, पाचही गटांना सारखाच त्रास असला म्हणजे झालं.

डोळ्यांवरची पट्टी अर्धी सुटली. एका गटाची कातडी पातळ, चमकदार, खालच्या शिरा दिसाव्यात इतकी. क्लोबेटासॉल लपत नाही. उरलेली अक्षरं अजून ओळखू येत नाहीत, असं स्वतःला सांगते.

ॲनिमल हाऊसचे काका जाताजाता म्हणाले, “त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात दाणा तसाच दिसतोय हो.” मी हो म्हटलं आणि फोटो काढायला वळले.

१८ जुलै, दिवस ५

वजनं. इमिक्विमॉड लावलेले सगळे गट घटलेत. इमिक्विमॉड नुसतं कातडीवर थांबत नाही. सगळ्यांना कातडीखाली कोमट सलाइन दिलं, कंट्रोललाही.

‘घ’ अक्षराच्या पिंजऱ्यात मात्र घट जास्त. अंग फुगवून, पाठीचा बाक काढून कोपऱ्यात बसल्यात. पाठी त्यांच्याच सर्वांत चांगल्या, खवले जवळपास नाहीत. २२ क्रमांकाचा उंदीर १९.८ ग्रॅमवरून १६.३ वर. म्हणजे १८ टक्क्यांच्या जवळ. संध्याकाळी सातला पुन्हा मोजला, १६.४. रात्री दहाला पुन्हा येऊन पाहून गेले.

१९ जुलै, दिवस ६

शेवटचे फोटो, शेवटचे गुण, मग शवविच्छेदन. पाठीचा अर्धा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, अर्धा आरएनएसाठी गोठवला. प्लीहा तोलली. इमिक्विमॉड लावलेल्यांची प्लीहा लांब, फुगलेली, गडद. कंट्रोलची त्यापुढे काडीसारखी. ‘घ’ची दोन्हींच्या मधे.

हात दुखतायत. बाकी उद्या.

२७ जुलै

पाकीट उघडलं. ‘घ’ म्हणजे इमिक्विमॉड अधिक डिजॉक्सिन.

खोलीत आनंदीआनंद. खवले कमी, जाडी कमी, प्लीहा लहान. कोणीतरी पोस्टरचं शीर्षकही सुचवलं. मी गुणांचा आलेख काढून मॅडमकडे नेला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “वजनाचा आलेख याच्या शेजारी ठेव.”

ठेवला. ज्या दिवशी खवले मागे पडायला लागले, त्याच दिवशी वजन सर्वांत वेगाने उतरलं होतं. नुसतं डिजॉक्सिन दिलेला गटही थोडा घटलेला. पाचवा गट नसता तर हे दिसलंच नसतं.

उपाशी, ताणात असलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढतं. ते त्याचं स्वतःचं स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड दाहाचं काय करतं ते क्लोबेटासॉलच्या गटाने दाखवलंच आहे. मग पाठ कोणी बरी केली? आरओआर-गॅमा-टी अडवणाऱ्या डिजॉक्सिनने, की मळमळून खाणं सोडलेल्या उंदराच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीने? उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे मळमळ समजायची ती खाण्यावरूनच. भूक मरणं हे तर या औषधाच्या विषबाधेचं जुनं लक्षण.

तेव्हा काका आठवले. दाणा तसाच होता. किती तसाच, ते कुठेही लिहिलेलं नाही. मी मोजलंच नव्हतं.

४ ऑगस्ट

एकच मार्ग, जोडीने खाऊ घालणं. डिजॉक्सिनच्या गटाने काल जेवढं खाल्लं, तेवढंच आज औषध न दिलेल्या गटाला द्यायचं. दोन्ही सारखेच अर्धपोटी. मग उरेल तो फरक औषधाचा. जोडीचा गट एक दिवस मागे चालवावा लागतो, त्यामुळे सगळं वेळापत्रक तिरकं होतं.

मला हे नको होतं, खरं सांगायचं तर. आलेख सुंदर होता.

समितीला सुधारित अर्ज. तीन गट, अठरा उंदीर. का लागतात, हे लिहिताना आधीच्या तीस उंदरांच्या वेळी काय राहून गेलं तेही लिहावं लागलं.

२१ ऑगस्ट

मंजुरी. सोबत एक अट, मात्रा निम्मी करून पाहा. योग्यच आहे. किलोला १ मिलिग्रॅम.

१२ सप्टेंबर

दुसरी फेरी संपत आली. रोज सकाळी साडेसातला पेलेट, म्हणजे उंदरांच्या दाण्याच्या गोळ्या, तोलणं हेच काम. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला चुराही चाळून तोलायचा, नाहीतर जे खाल्लं नाही तेही खाल्ल्यात जमा होतं. भुश्यातून चुरा वेगळा करायला मी चिमटा घेऊन बसले होते. काकांनी चहाची गाळणी आणून दिली, पाच मिनिटांत झालं.

निम्म्या मात्रेने खाणं कमी होतं, पण अंग फुगवून बसणं नाही. कोणाचीही घट १२ टक्क्यांपुढे गेली नाही.

३० सप्टेंबर

पाकीट दुसरं. फक्त इमिक्विमॉडचा गट सर्वांत जाड, डिजॉक्सिनचा सर्वांत पातळ, आणि औषधाचा थेंबही न मिळालेला अर्धपोटी गट दोघांच्या मधे, पण डिजॉक्सिनकडे जास्त झुकलेला. गुणांमध्ये ज्या पाठीला आम्ही दोघींनी ‘हमखास औषधाची’ म्हणून खूण केली होती, ती अर्धपोटीच निघाली.

प्लीहेच्या वजनात दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले.

१४ ऑक्टोबर

काचपट्ट्या आल्या. एच अँड ई या नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेल्या. निरोगी उंदराची बाह्यत्वचा दोन-तीन पेशींची, कागदाच्या कडेसारखी. इमिक्विमॉडची जाडजूड, वरच्या खवल्यांत केंद्रकं तशीच राहिलेली, जागोजागी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे पुंजके. माणसाच्या सोरायसिसमध्ये बाह्यत्वचा खाली लांब बोटांसारखी उतरते. इथे तसं फारसं नाही, उंदराच्या पाठीत ती घडणच नाही. हा आठवड्याभराचा दाह आहे, वर्षानुवर्षं मुरलेला चट्टा नव्हे.

डिजॉक्सिन आणि अर्धपोटी, दोन्हींच्या पट्ट्या झाकून समोर ठेवल्या. विकृतिशास्त्राच्या सरांनी बारांपैकी सात बरोबर ओळखल्या. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच.

आयएल-१७एच्या आरएनएत मात्र डिजॉक्सिनचा गट थोडा खाली आहे. सहा उंदीर, दोघांचे आकडे विस्कटलेले. उंदराच्या कातडीत आयएल-१७ मुख्यतः गॅमा-डेल्टा टी पेशी बनवतात आणि त्यांनाही आरओआर-गॅमा-टी लागतंच, तेव्हा हा फरक खरा असू शकतो. पण यावर पोस्टर उभं राहत नाही.

२० ऑक्टोबर

सारांशाचा मसुदा. मी लिहिलं होतं, ‘डिजॉक्सिनमुळे सोरायसिससदृश दाहात लक्षणीय घट’. मॅडमनी ‘लक्षणीय’ खोडलं, मग ‘डिजॉक्सिनमुळे’ खोडलं. उरलं ‘सोरायसिससदृश दाहात घट’, आणि त्यापुढे त्यांनी पेन्सिलने लिहिलं, ‘किती अन्नामुळे?’ शीर्षक त्यावरच बेतलं.

पुढे माणसाच्या केराटिनोसाइट (बाह्यत्वचेच्या पेशी) आणि टी पेशी. तिथे पंप माणसाचा असेल, त्यामुळे पहिली प्लेट फक्त एवढंच पाहायला की कोणत्या प्रमाणात पेशी मरतात. मूळ डिजॉक्सिन आणि त्याचं कमी विषारी रूप शेजारीशेजारी.

उंदरांची तिसरी फेरी ठरली तर पेलेटचा तक्ता दिवस शून्याच्या आधीपासून. तक्ता छापून ॲनिमल हाऊसच्या दाराला लावला, गाळणी खिळ्याला अडकवली. काकांनी तक्ता वाचला, म्हणाले, “शेरा लिहायला रकाना नाही यात.” पेनाने एक ओढून दिला.